उपग्रह मार्गनिर्देशन : आंतरराष्ट्रीय सहकार्य व लष्करी उपयोग

उपग्रह मार्गनिर्देशन : पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या साहाय्याने जमिनीवरील, समुद्रावरील किंवा हवेतील वस्तूचे स्थान, वेग व वेळ निश्चित करण्याच्या पद्धतीस उपग्रह मार्गनिर्देशन असे म्हणतात. अमेरिकेची जी. पी. एस., रशियाची ग्लोनास, यूरोपीय संघाची गॅलिलिओ व चीनची बेइदोऊ या चार पद्धती सर्व पृथ्वी व्यापणाऱ्या असून भारताची नाविक व जपानची क्वाझी-झेनिथ या प्रादेशिक पद्धती आहेत. यांपैकी पहिल्या दोन पद्धती मुळात सेनादलांसाठी उभारण्यात आल्या. आज मात्र त्यांच्या संकेतांचा उपयोग मच्छीमार, वैमानिक, मालमोटारचालक, भूमापक आणि अधिकोष असे सर्वच करतात. एकच संकेत नागरी जीवनाचा आधार व शस्त्राचा मार्गदर्शक असा दुहेरी असल्यामुळे त्यावरील नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न राष्ट्राराष्ट्रांमधील सहकार्याच्या आणि स्पर्धेच्या केंद्रस्थानी आला आहे.

तत्त्व : प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक अशी आणवीय घड्याळे असतात. उपग्रह आपले स्थान व संकेत निघाल्याची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतो. हा संकेत ग्राहीपर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वेळेस प्रकाशाच्या वेगाने (सेकंदास सु. ३ लाख किमी.) गुणले असता उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळल्यास अवकाशातील बिंदू ठरतो. तथापि ग्राहीतील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक हीही एक अज्ञात राशी असते. म्हणून किमान चार उपग्रह एकाच वेळी दिसावे लागतात. वेळेतील एक मायक्रोसेकंदाची (सेकंदाच्या दशलक्षांश भागाची) चूक अंतरात सु. ३०० मी. चूक घडविते, यावरून घड्याळाचे महत्त्व लक्षात येईल. सापेक्षता सिद्धांतानुसार जी. पी. एस. उपग्रहांतील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सु. ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतरात १० किमी.हून अधिक चूक साचेल.

संकेत वीस हजार किंवा त्याहून अधिक किमी. प्रवास करून येत असल्यामुळे पृथ्वीवर पोहोचताना तो अत्यंत क्षीण झालेला असतो. वाटेत आयनांबरातील विद्युत् भारित कणांमुळे त्याला विलंबही होतो. क्षीणता व विलंब हे या पद्धतीचे दोन मूलभूत दुबळेपणाचे मुद्दे होत. पहिल्याचा लाभ शत्रू घेऊ शकतो, तर दुसरा निसर्गाकडून येतो.

इतिहास : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संकेताच्या कंप्रतेत होणाऱ्या बदलांवरून (डॉप्लर परिणामावरून) त्याची कक्षा ठरविली. उलट, कक्षा ज्ञात असेल तर संकेत ऐकणाऱ्याचे स्थान ठरविता येईल, ही कल्पना त्यांचे सहकारी फ्रँक मॅक्‌क्लूर यांनी १९५८ मध्ये मांडली. त्यातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही पद्धती निर्माण झाली. पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांना आपले स्थान कळावे, हा तिचा मुख्य हेतू होता. ती १९६४ मध्ये कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये नागरी नौकांना खुली करण्यात आली. लष्करासाठी निर्माण झालेले साधन नागरी उपयोगासाठी मोकळे होण्याचा क्रम असा आरंभापासूनच दिसून येतो.

नॅव्हस्टार जी. पी. एस. या पद्धतीचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. तिचे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवर सहा कक्षापातळ्यांत फिरतात. सोव्हिएट रशियाने ग्लोनासचा पहिला उपग्रह १२ ऑक्टोबर १९८२ रोजी सोडला. ही पद्धती १९९५ मध्ये पूर्ण झाली; परंतु सोव्हिएट संघराज्याच्या विघटनानंतरच्या आर्थिक ओढग्रस्तीत उपग्रहांची भरपाई न झाल्याने ती खिळखिळी झाली आणि २०११ मध्ये पुन्हा पूर्णत्वास आली. गॅलिलिओच्या प्रारंभिक सेवा १५ डिसेंबर २०१६ रोजी, तर बेइदोऊची जागतिक सेवा ३१ जुलै २०२० रोजी सुरू झाली. गॅलिलिओ ही नागरी नियंत्रणाखाली उभारलेली पद्धती असली, तरी तिच्यातही शासकीय व सुरक्षाविषयक कामांसाठी राखीव, कूटबद्ध सेवा आहे.

लष्करी उपयोग : सेनादलांना या पद्धतीचा उपयोग चार प्रकारे होतो. (१) खुणा नसलेल्या वाळवंटात, समुद्रावर किंवा रात्रीच्या वेळी तुकड्या, रणगाडे, नौका व विमाने यांना आपले स्थान कळते. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या वाळवंटात याचा मोठ्या प्रमाणावर प्रत्यय आला. (२) क्षेपणास्त्रे, बाँब व तोफगोळे यांना लक्ष्याकडे नेता येते. क्षेपणास्त्रातील निरूढी मार्गदर्शन यंत्रणेची चूक काळाबरोबर वाढत जाते. उपग्रह संकेताने ती वेळोवेळी सुधारता येते. साध्या बाँबला उपग्रहदर्शित शेपूट जोडण्याची अमेरिकी पद्धत १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावरील हल्ल्यांत प्रथम वापरली गेली. (३) दूरवर विखुरलेल्या संदेशवहन यंत्रणांची घड्याळे एकमेकांशी जुळती ठेवता येतात. (४) जी. पी. एस. उपग्रहांवर अण्वस्त्र स्फोट टिपणारी उपकरणेही बसविलेली आहेत.

महाराष्ट्रातील एक उदाहरण पिनाक या अग्निबाणप्रणालीचे आहे. पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेला मूळ पिनाक हा अमार्गदर्शित अग्निबाण होता. म्हणजे एकदा उडाल्यावर त्याची दिशा बदलता येत नसे. हैदराबाद येथील संस्थांच्या सहकार्याने त्यात मार्गदर्शन व नियंत्रण यंत्रणा बसविण्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावरील चांदीपूर येथे त्याच्या चाचण्या झाल्या. या क्षेपणास्त्राच्या मार्गनिर्देशनास भारताच्या स्वतःच्या प्रादेशिक उपग्रह पद्धतीचे साहाय्य असल्याचे त्या वेळी अधिकृतपणे सांगण्यात आले. युद्धकाळात परक्या राष्ट्राच्या संकेतावर विसंबून राहावे लागू नये, हा त्यातील मुख्य लाभ होय.

संकेतांवरील नियंत्रण : आपले संकेत शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून अमेरिकेने दोन उपाय योजले. लष्करासाठी वेगळा, कूटबद्ध संकेत ठेवला आणि नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळली. या दुसऱ्या उपायामुळे नागरी ग्राहीची अचूकता सु. १०० मी. इतकीच राहत असे. तो मार्च १९९० मध्ये अंमलात आला. गंमत अशी की, आखाती युद्धाच्या वेळी लष्करी ग्राहींचा तुटवडा पडल्यामुळे अमेरिकी सैनिकांना नागरी ग्राही वापरावे लागले आणि त्यासाठी ही मिसळलेली चूक काही काळ काढून टाकावी लागली. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले, तेव्हा ही चूक जगभर लागू होती. २ मे २००० पासून ती बंद करण्यात आली व तिची सोय पुढील पिढीच्या उपग्रहांत ठेवली जाणार नाही, असे २००७ मध्ये जाहीर झाले. तथापि विशिष्ट प्रदेशापुरता नागरी संकेत निरुपयोगी करण्याची क्षमता लष्कराकडे राहतेच.

नागरी उपयोगास चालना मिळण्यास एक दुर्घटना कारण झाली. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले व ते पाडण्यात आले. त्यात २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी जी. पी. एस. पूर्ण होताच ती नागरी विमानांना खुली राहील, असे जाहीर केले.

ग्राही उपकरणांवरही आंतरराष्ट्रीय बंधने आहेत. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेनुसार सेकंदास ६०० मी.पेक्षा अधिक वेगाने उडणाऱ्या वाहनात चालू शकतील अशा ग्राहींच्या निर्यातीवर नियंत्रण असते. भारत जून २०१६ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला. त्यापूर्वी अनेक वर्षे अशी बंधने भारताला बाहेरून सोसावी लागत होती. सदस्यत्वानंतर ती पाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

आंतरराष्ट्रीय सहकार्य : १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार सामूहिक संहाराची अस्त्रे कक्षेत ठेवण्यास मनाई आहे. मार्गनिर्देशन उपग्रहांना मात्र, ते लष्करी असले तरी, त्या कराराने बंदी केलेली नाही. त्यामुळे या क्षेत्रातील सहकार्य एखाद्या व्यापक तहापेक्षा कंप्रतांची वाटणी, परस्परसुसंगती आणि सेवेचे मानक यांविषयीच्या करारांतून घडत आले आहे.

कंप्रतांची वाटणी हा सर्वांत निकडीचा प्रश्न होय. सर्व पद्धतींना रेडिओ वर्णपटाच्या त्याच अरुंद पट्ट्यांत काम करावे लागते. त्यांचे वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत होते. गॅलिलिओच्या राखीव संकेताची कंप्रता अमेरिकेच्या नव्या लष्करी संकेतावर येत असल्यामुळे मोठा वाद झाला होता. युद्धप्रसंगी गॅलिलिओचा संकेत रोखू गेल्यास स्वतःचाच लष्करी संकेत रोखला जाईल, अशी अमेरिकेची तक्रार होती. आयर्लंडमध्ये २६ जून २००४ रोजी झालेल्या कराराने हा वाद मिटला. यूरोपने आपल्या संकेताची रचना बदलली आणि दोन्ही पद्धतींच्या नागरी संकेतांना समान स्वरूप देण्याचे ठरले. आज एकाच भ्रमणध्वनीत अनेक देशांचे उपग्रह एकत्रितपणे वापरता येतात, त्याचे मूळ अशा करारांत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००५ मध्ये जागतिक मार्गनिर्देशन उपग्रह पद्धतींविषयीची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिची पहिली बैठक २००६ मध्ये व्हिएन्ना येथे, दुसरी २००७ मध्ये बंगळूरू येथे व चौदावी डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा बंगळूरू येथे भरली. समितीचे निर्णय बंधनकारक नसतात. परंतु प्रतिस्पर्धी लष्करे ज्या पद्धती चालवितात त्यांचे तंत्रज्ञ येथे एका मेजाभोवती बसतात, हे महत्त्वाचे होय.

सहकार्याचे सर्वांत निर्भेळ उदाहरण कॉस्पास-सारसॅट या शोध व बचाव व्यवस्थेचे आहे. शीतयुद्ध चालू असतानाच १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएट रशिया, कॅनडा व फ्रान्स यांनी ती उभारण्याचे ठरविले व १९८२ मध्ये तिच्या साहाय्याने पहिले प्राण वाचले. संकटात सापडलेल्या नौकेच्या किंवा विमानाच्या दिग्दर्शकाचा संकेत उपग्रह टिपतो आणि जवळच्या बचाव केंद्राला कळवितो. आता जी. पी. एस., ग्लोनास व गॅलिलिओ यांच्या उपग्रहांवरही ही उपकरणे आहेत. भारताचे नियंत्रण केंद्र बंगळूरू येथे असून पश्चिम किनाऱ्यावरील सागरी बचावकार्याचा समन्वय तटरक्षक दलाचे मुंबईतील केंद्र करते.

भारताचे धोरण : भारताने एकाच वेळी अनेक दारे ठोठावली. डिसेंबर २००४ मध्ये रशियाशी ग्लोनासच्या शांततामय उपयोगाविषयी करार झाला आणि जानेवारी २००७ मध्ये ग्लोनासचे संकेत मिळण्याविषयी पुढील करार झाले. सप्टेंबर २००५ मध्ये यूरोपीय संघाशी गॅलिलिओतील सहभागाच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या. परंतु तो सहभाग प्रत्यक्षात आला नाही. चीनचा अनुभवही असाच होता. तो २००३ मध्ये गॅलिलिओत सहभागी झाला व पुढे त्याने स्वतःच्या बेइदोऊवर भर दिला. दुसऱ्याच्या पद्धतीत भागीदार झाले, तरी तिचा सुरक्षित लष्करी संकेत मिळेलच असे नाही, हा धडा दोन्ही देशांनी घेतलेला दिसतो.

भारतीय अवकाश संशोधन संघटना (इस्रो) व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी २००१ मध्ये करार करून गगन ही पूरक पद्धती हाती घेतली. जी. पी. एस.चे संकेत देशातील १५ संदर्भ केंद्रांवर तपासून, त्यांतील चुका शोधून, दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना पुरविणे हे तिचे कार्य आहे. नागपूर व गोवा येथे यांपैकी दोन केंद्रे आहेत. भूकेंद्रांच्या उभारणीत अमेरिकी उद्योगाचे साहाय्य घेण्यात आले. तिला २०१३ व २०१५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची प्रमाणपत्रे मिळाली. अमेरिका, यूरोप व जपान यांच्या तत्सम पद्धतींशी ती सुसंगत आहे. त्यामुळे एका प्रदेशातून दुसऱ्यात जाणाऱ्या विमानाला उपकरण बदलावे लागत नाही. परंतु गगनचा पाया जी. पी. एस. हाच असल्याने मूळ परावलंबन तिने दूर होत नाही.

ते दूर करण्यासाठी शासनाने २००६ मध्ये प्रादेशिक पद्धतीस मान्यता दिली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला आणि तिला नाविक हे नाव देण्यात आले. तिचे उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर व कललेल्या भूसमकालिक कक्षांत असून भारत व त्याच्या सीमेपासून सु. १,५०० किमी.पर्यंतचा प्रदेश ती व्यापते. तीत सर्वांसाठी खुली प्रमाण सेवा आणि अधिकृत उपयोजकांसाठी, मुख्यतः सेनादलांसाठी, कूटबद्ध मर्यादित सेवा अशा दोन सेवा आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिला जागतिक रेडिओ मार्गनिर्देशन व्यवस्थेचा घटक म्हणून मान्यता दिली.

तथापि स्वावलंबनाची वाट सरळ नव्हती. पहिल्या उपग्रहातील यूरोपीय बनावटीची तीनही रुबिडियम घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास गॅलिलिओच्या उपग्रहांतही घड्याळे निकामी होत असल्याचे यूरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले. म्हणजे स्वतःची पद्धती उभारूनही तिचे हृदय आयात केलेले होते. बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी प्रक्षेपणात वाया गेला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात अहमदाबाद येथे तयार झालेले भारतीय रुबिडियम घड्याळ प्रथमच बसविण्यात आले. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह २९ जानेवारी २०२५ रोजी उडाला. परंतु नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी केवळ ४ स्थाननिश्चितीची सेवा देत होते. स्थान ठरविण्यास किमान चारच उपग्रह लागत असल्यामुळे ही संख्या काठावरची होती.

मुंबई व कोकण किनारा : मुंबई बंदर, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, मुंबई हायची तेलक्षेत्रे, नौदलाचा पश्चिम विभाग आणि हजारो मच्छीमार नौका यांमुळे हा किनारा मार्गनिर्देशनाचा जुना ग्राहक आहे. दीपगृहांच्या जोडीला येथे लोरान-सी या भूस्थित रेडिओ पद्धतीची मुंबई साखळी होती. तिची केंद्रे गुजरातेत धांगध्रा, वेरावळ व बिलिमोरा येथे होती. स्वस्त उपग्रह ग्राही आल्यानंतर अशा पद्धती मागे पडल्या. मच्छीमारांच्या नौकांवर तळहाताएवढे ग्राही आले व मासळीच्या जागा, खडक आणि परतीची वाट यांच्या नोंदी त्यांत होऊ लागल्या.

हेच साधन २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात शस्त्रासारखे वापरले गेले. कराचीहून निघालेल्या दहा दहशतवाद्यांनी कुबेर ही भारतीय मच्छीमार नौका ताब्यात घेतली आणि उपग्रह ग्राहीच्या साहाय्याने मुंबई गाठली. नौकेवर सापडलेला ग्राही व उपग्रह दूरध्वनी हे खटल्यातील महत्त्वाचे पुरावे ठरले. ग्राहींतील नोंदींची तपासणी अमेरिकेच्या एफ. बी. आय. या अन्वेषण संस्थेच्या तज्ज्ञांनी केली आणि त्यांच्या साक्षी मुंबईतील विशेष न्यायालयात झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या पुराव्याची दखल घेतली. ज्या उपकरणाने हल्लेखोरांना वाट दाखविली, त्यानेच ते कोठून आले हेही दाखविले. नागरी संकेत कोणीही, कोणत्याही हेतूने वापरू शकतो आणि त्याचा लष्करी उपयोग करण्यास सैन्यच असावे लागते असे नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले.

त्यानंतर किनारी सुरक्षेत नौका ओळखण्यावर भर आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या वेळी, मच्छीमार नौकांवर इस्रोने विकसित केलेले प्रतिसादक बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांतील एक लाख नौकांवर ते बसविण्याची योजना आहे. त्यांद्वारे वादळाची सूचना नौकेला व संकटाची हाक किनाऱ्याला पोहोचते. तत्पूर्वी ९ ऑक्टोबर २०१९ रोजी गगनच्या उपग्रहांमार्फत खोल समुद्रातील मच्छीमारांना इशारे पुरविणारे जेमिनी हे उपकरण सुरू करण्यात आले होते.

जमिनीवरही हे परावलंबन वाढले आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील पावणे, तुर्भे, महापे यांसारख्या ठिकाणांहून रसायने वाहणाऱ्या टँकरांचा माग ठेवण्यासाठी वाहनांत स्थानदर्शक उपकरणे बसविण्याचे नियम झाले आहेत. एप्रिल २०१९ पासून अशा उपकरणांत नाविकचे संकेत घेण्याची सोय असणे आवश्यक करण्यात आले. त्याच परिसरात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. सांताक्रूझचा विमानतळ हवाई अंतराने जवळच असल्यामुळे दोन्हीकडील विमानांचे मार्ग एकमेकांपासून अलग राखण्यास अचूक स्थाननिश्चितीचे महत्त्व वाढते.

नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कार्यही या विषयाशी निगडित आहे. कुलाबा वेधशाळेची परंपरा चालविणारी ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे देशावरील आयनांबर विशेष चंचल असते. सूर्यास्तानंतर, मुख्यतः विषुवदिनांच्या सुमारास, त्यात निर्माण होणाऱ्या अनियमित रचनांमुळे उपग्रह संकेत लुकलुकतात व कधी तुटतात. मध्यम अक्षांशांतील अमेरिका व यूरोप यांच्यासाठी बनविलेली आयनांबराची प्रतिमाने येथे पुरी पडत नाहीत. म्हणूनच गगनसाठी भारतीय शास्त्रज्ञांना वेगळे प्रतिमान तयार करावे लागले.

व्यत्यय व फसवणूक : संकेत क्षीण असल्यामुळे थोड्या शक्तीच्या प्रेषकानेही तो दडपता येतो. यास संकेतरोध म्हणतात. खऱ्यासारखा खोटा संकेत पाठवून ग्राहीला चुकीचे स्थान दाखविणे हे त्याहून धोक्याचे, कारण वापरणाऱ्यास संशय येत नाही. २०१३ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात एका विहारनौकेस तिच्या मालकाच्या संमतीने अशा प्रकारे मार्गावरून ढळवून दाखविले. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांच्या ग्राहींवर ती किनाऱ्यावरील विमानतळात असल्याचे दिसू लागले. युक्रेन व पश्चिम आशिया येथील संघर्षांत असे प्रकार नित्याचे झाले. मुंबई व न्हावा-शेवा येथून तांबडा समुद्र आणि इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या जहाजांचे व विमानांचे मार्ग याच प्रदेशांतून जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांसाठी याविषयी सूचना काढली. मार्च २०२५ मध्ये दूरसंचार, नागरी विमान वाहतूक व सागरी वाहतूक यांच्या तीन आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदनाद्वारे चिंता व्यक्त करून राष्ट्रांना संकेतांचे रक्षण करण्याचे आवाहन केले.

यावर अनेक पद्धतींचे संकेत एकत्र वापरणे, निरूढी यंत्रणा जोडीला ठेवणे, आकाशाकडील संकेतच स्वीकारणारे आकाशक वापरणे आणि नागरी संकेतालाही खरेपणाची खूण जोडणे हे उपाय आहेत. शेवटचा उपाय गॅलिलिओने २०२५ मध्ये सेवेत आणला. दीपगृहे, किनारी रडार व कागदी नकाशे यांचे ज्ञान टिकवून धरणे हाही दुर्लक्षिण्याजोगा उपाय नाही.

समालोचन : उपग्रह मार्गनिर्देशनात सहकार्य आणि अविश्वास यांची वाढ एकाच वेळी झाली आहे. संकेत जितके अधिक देशांचे, तितका नागरी उपयोजकास लाभ अधिक. कारण एक पद्धती बंद पडली तर दुसरी उपलब्ध असते. मात्र प्रत्येक देश आपल्या लष्कराचा संकेत स्वतःच्याच हाती ठेवू पाहतो. नागरी संकेत फुकट मिळतो. परंतु तो चालू राहीलच, याची हमी देणारा कोणताही जागतिक तह नाही. त्यामुळे कोकणातील मच्छीमाराला घरची वाट दाखविणारी सेवा शेवटी दूरच्या राजधान्यांतील निर्णयांवर आणि आपल्या देशाने कक्षेत ठेवलेल्या मोजक्या घड्याळांवर अवलंबून राहते. नाविकच्या उपग्रहांची संख्या व त्यांतील घड्याळांची विश्वसनीयता वाढविणे आणि त्याच वेळी कंप्रता, बचावकार्य व संकेतरक्षण यांबाबत इतर राष्ट्रांशी सहकार्य चालू ठेवणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच परस्परविरोधी नसून परस्परपूरक ठरतात.